आतली नळी धुवायची कधी?

अनुसया, माझी बायको, ठिबकाची नळी धुवायला कधी चुकली नाही. आमच्या निमगाव सावा गावात बोअरचं पाणी असं जड की बादलीलासुद्धा पांढरा थर बसतो. दर आठ दिवसांनी ती टोमॅटोच्या प्रत्येक सरीच्या टोकाला जायची, नळीचं बूच काढून पांढरं गढूळ पाणी सोडून द्यायची आणि स्वच्छ धार लागल्यावरच बूच लावायची. मी कंटाळा केला की म्हणायची, "अवो, खार काय तुमची वाट बघत बसतो व्हय? प्लास्टिक म्हणून सोडत न्हाई त्यो." शाळा तिनं पाहिली नव्हती. मी चौथी शिकलो, पण अक्कल तिची.

तिला मुतखडा झाला. ऑपरेशन केलं आणि डॉक्टरनं किडनीपासून लघवीच्या पिशवीपर्यंत प्लास्टिकची बारीक नळी आत ठेवली. घरी निघताना तिनं विचारलं, "डाक्टर, आमी जड पाणीच पितो. नळीला खार धरला तर? ही आतली नळी धुवायची कधी?"

डॉक्टर हसला. त्याची सिस्टरही हसली. "आजी, हे काय तुमचं ठिबक आहे का? पाणी भरपूर प्या. बाकी कागदावर लिहिलंय."

बाहेर आल्यावर अनुसया म्हणाली, "हसला लई, सांगितलं काय न्हाई."

कागद इंग्रजीत. मी तो पेटीत जपून ठेवला. इथं माझी चूक आहे, लपवत नाही. शेजारच्या बापूच्या काळजात स्प्रिंग बसवलीय, ती जन्मभराची. मला वाटलं, ही नळीही तशीच. ती बिचारी तांब्या तांब्या पाणी प्यायची. पाऊस गेला, थंडी गेली. मग लघवीला आग, कंबरेत कळ. मी म्हणालो, "ऊन लागलं असंल." शेवटी हुडहुडी भरून ताप आला, तेव्हा मंचरला नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला. नळीभोवती खडूसारखा थर, टोकाला गोळा. "बाबा, ही दीड महिन्यात काढायची होती. जास्त दिवस लागणार असेल तर बदलत राहावी लागते. नुसत्या पाण्यानं भागत नाही." नळी ओढून निघेना. विष रक्तात गेलं होतं.

अनुसया खाटेवरून म्हणाली, "बाई, मी इचारलं व्हतं. ह्यांना इचारा." चौथ्या दिवशी गेली.

तेरावं झाल्यावर मी पहिल्या डॉक्टरकडे गेलो. "वाईट झालं, बाबा," तो म्हणाला. "पण कागदावर स्पष्ट लिहिलं होतं."

"तिनं मराठीत इचारलं, तुमी मराठीतच हसला. मग उत्तर तेवढं इंग्रजीत कशाला?" मी कागद त्याच्यापुढं टाकला. "वाचा आता मराठीत. मोठ्यानं."

बाहेरच्या बाकावरचे पेशंट ऐकत होते. त्यानं वाचलं, "नळी सहा आठवड्यांनी काढणे."

चार शब्द. हे चार शब्द तिच्या कानावर घातले असते, तर सहावा आठवडा भरायच्या दिवशी ती माझ्या आधी एस्टीत जाऊन बसली असती.