आबांच्या पुस्तकातली एक ओळ

आमच्या घरात ‘पुस्तक’ म्हटलं की ते एकच. माझ्या शाळेच्या पुस्तकांना सगळे ‘बुकं’ म्हणायचे. पुस्तक म्हणजे आबांचं, तळहाताएवढं, विटकरी पुठ्ठ्याचं. लढाई संपल्यावर इंग्रजांच्या फौजेनं माझ्या वडिलांना घरी पाठवलं, तेव्हा त्यांच्या हातात हे दिलं होतं. पेन्शन बसण्याइतकी नोकरी भरली नव्हती, म्हणून पेन्शन नाही. एक घोंगडी, एक पत्र्याचा मग आणि हे पुस्तक एवढं घेऊन ते साक्री तालुक्यातल्या आमच्या गावी परत आले. पुढे आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात राबले, पण पहाटे उठून दाढी केल्याशिवाय आणि घोंगडीची चौकोनी घडी घातल्याशिवाय त्यांनी कधी चहा घेतला नाही. फाटक्या वहाणासुद्धा ते शेजारी शेजारी, टाचा जुळवून ठेवायचे.

चार भावंडांत मी शेंडेफळ, आणि इंग्रजी वाचता येणारी घरातली पहिलीच. आठवीत गेले तेव्हा आबांनी पुस्तक ट्रंकेतून काढून माझ्यापुढे ठेवलं. “वाच,” म्हणाले. तीस-पस्तीस वर्षं ते पुस्तक सांभाळलं होतं, पण आत काय लिहिलंय ते त्यांना धड माहीत नव्हतं.

मी ओट्यावर बसून वाचलं. आधी इंग्रजी, मग आपल्या बोलीत त्याचा अर्थ. आबांचं नाव, गाव, उंची, कपाळावरचा व्रण, कोणत्या मुलखात किती दिवस, वर्तणूक उत्तम. ‘वर्तणूक उत्तम’ला आबांनी मला थांबवलं आणि घराच्या दाराकडे तोंड करून म्हणाले, “मोठ्यानं सांग.” आत माय भाकरी थापत होती. मी मोठ्यानं सांगितलं. आतून भाकरीचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

पुढच्याच पानावर ती ओळ होती. लग्न झालंय की नाही, या प्रश्नापुढे शाईनं लिहिलं होतं: अविवाहित. जवळचा वारस: आई. म्हणजे माझी आजी, जी माझ्या जन्माआधीच वारली होती.

मी हसत सुटले. शेंडेफळ होते, लाडावलेली होते. “आबा, हाई काय? तुम्हनं लगीनच व्हयेल नही!”

आबा हसले नाहीत. त्यांनी ओठावर बोट ठेवलं आणि दाराकडे पाहिलं. मग हळू आवाजात सांगितलं. भरतीच्या साहेबानं विचारलं, शादी हुई क्या. “मी म्हन्तं, नही. घरमा बायको कोठे व्हती तव्हय? ती तं तिन्हा मायबापकडे बाहुल्या खेये.”

हे आजच्या माणसाला सांगावं लागतं. तेव्हा आमच्याकडे पोरगी आठ-नऊ वर्षांची झाली की लग्न उरकून टाकत, पण ती नांदायला यायची मोठी झाल्यावर. तोवर ती माहेरची. तोवर गड्याला कोणी ‘बायको कशी आहे’ असं विचारत नसे आणि तोही स्वतःला लग्न झालेला समजत नसे. आबांनी साहेबाला जे सांगितलं ते गावातल्या कुठल्याही पोरानं सांगितलं असतं. पुढे ते मोठ्या सुट्टीवर आले तेव्हा माय नांदायला आली. दोन महिन्यांनी ते पुन्हा फौजेत गेले.

“मंग मांगून काबर नही सांगं?” माय नांदायला आल्यावर तरी का नाही सांगितलं, असं मी विचारलं.

“मांगून सांगं अस्तं तं म्हन्तात, पहिले खोटं बोलना. खोटं बोलनारले काढी टाकेत,” आबा म्हणाले. मग पुस्तकावर बोट ठेवून म्हणाले, “ती वळ सोडी दे.”

मी सोडून दिली. त्यानंतर घरी पाहुणा आला की आबा पुस्तक काढायचे, मी ओट्यावर बसून वाचायचे, ‘वर्तणूक उत्तम’ला दाराकडे तोंड करून आवाज चढवायचे, आणि ती ओळ गाळायचे. इतकी सराईत झाले की गाळल्याचं मलाही कळेनासं झालं. मायला माझ्या तोंडून ते सगळं पाठ झालं. जात्यावर ओव्या म्हणाव्यात तशी ती पुटपुटायची: उंची इतकी, कपायवर व्रण, वर्तणूक उत्तम.

त्याच वेळी एक साधा अर्ज केला असता, तर आबांना स्वतः सही करून ती ओळ दुरुस्त करता आली असती. ते जिवंत होते, सगळ्यांत मोठा पुरावा तेच होते. मला आठवीत हे कळलं नाही हे ठीक. बारावीनंतर डी.एड. करताना तरी कळायला हवं होतं. दुसऱ्यांच्या चुका लाल शाईनं शोधायचा धंदा मी पुढे आयुष्यभर केला, आणि घरातली ही एक चूक माझ्या डोळ्यांखालून शंभर वेळा गेली. याची चीड मला अजून येते, आणि ती दुसऱ्या कुणावर काढावी असं कुणी सापडत नाही.

आबा गेले. दोघं भाऊ सुरतेला कामाला, बहीण सासरी. मला पाचोऱ्याला शाळेत नोकरी लागली आणि मायला मी तिकडे नेलं. नव्वदच्या आसपास केव्हातरी पेपरात बातमी आली: दुसऱ्या महायुद्धातल्या, पेन्शन न बसलेल्या शिपायांना आणि त्यांच्या विधवांना सरकार दरमहा मदत देणार. मी ती मायला वाचून दाखवली. तिनं पुन्हा वाचायला लावली. पैशाचं तिनं एका शब्दानं विचारलं नाही.

“शिपाईन्या बायका, आसं लिखेल शे?” तिनं विचारलं.

“विधवा, असं आहे.”

“एकच ते,” माय म्हणाली, आणि ठेवणीतलं लुगडं उन्हात टाकलं.

धुळ्याच्या कचेरीत माजी शिपायांची कामं बघणारा कारकून भला माणूस होता. मायला खुर्ची दिली, ‘अक्का, अक्का’ करून बोलला. तिथं बाकावर तिच्याच वयाच्या पाच-सहा बाया बसल्या होत्या. तासाभरात सगळ्यांच्या नवऱ्यांच्या लढाया मायला कळल्या, आणि मायनं आबांची ‘वर्तणूक उत्तम’ सगळ्यांना ऐकवली. इतकी बोलकी मी तिला घरात कधी पाहिली नव्हती. कारकुनानं पुस्तक चाळलं, त्या पानावर थांबला, माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. तो म्हणाला, “अर्ज ठेवतो, बाई. फौजेच्या दप्तरात विचारून बघू. तिथं पुढची काही नोंद असेल.”

पुढची काही नोंद नव्हती. पाऊस गेला, हिवाळा गेला, तेव्हा उत्तर आलं. आम्ही पुन्हा धुळ्याला गेलो. मी आधी एकटी आत जाते म्हटलं, तर माय ऐकेना. नवऱ्याचं पत्र तिला समोर बसून ऐकायचं होतं. कारकुनानं नाइलाजानं वाचलं: दप्तराप्रमाणे सदर शिपाई अविवाहित, वारस आई, सबब पत्नीचा अर्ज विचारात घेता येत नाही.

“अविवाहित म्हंजे?” मायनं विचारलं.

कारकून माझ्याकडे बघू लागला. वर्गात पन्नास पोरांना मी विरुद्धार्थी शब्द शिकवते. हा एक शब्द मला मायला सांगता येईना. शेवटी सांगितला.

मायनं माझा दंड धरला आणि मला कारकुनापुढे ढकललं. “मंग हाई कोन शे, साहेब?” तिनं विचारलं.

कारकुनानं पाणी मागवलं. मग मला बाजूला घेऊन सांगितलं की एक रस्ता आहे. लग्नाला हजर असलेल्या माणसाचा तहसीलदारापुढे जबाब. लग्न पाहिलेलं आता जगात एकच माणूस उरलं होतं: मायचा मोठा भाऊ, माझा मामा. तो पिंपळनेरला पोराकडे राहायचा. ऐंशीच्या पुढचा, पण डोकं शाबूत. मी रजा काढली, मामाला एस.टी.नं साक्रीला आणलं, मायला आणलं. नवं धोतर नेसून मामा असा उत्साहात आला की जणू पुन्हा लग्नालाच निघालाय.

तहसीलच्या साहेबांनी त्याला विचारलं, “लग्न भरतीच्या आधी की नंतर?”

“आधी,” मामा ठामपणे म्हणाला. “मी सोता बैलगाडी हाकेल व्हती. मांगून नांदाले गयी.”

मला वाटलं, झालं काम. साहेबांनी लेखणी टेकवली आणि पुस्तकातलं ते पान मामापुढे धरलं. ते वाईट माणूस नव्हते, आवाजही चढवला नाही. म्हणाले, “आधी झालं असेल, तर शिपायानं भरतीच्या वेळी खोटं सांगितलं, असं मला लिहावं लागेल. नंतर झालं असेल, तर नंतरचा पुरावा द्या. दोन्हीतलं एक सांगा.”

मी मध्ये पडले. नांदायला येण्याची रीत समजावून सांगू लागले, अगदी फळ्यावर सांगावी तशी. साहेब ऐकत होते. “बाई, मला रीत माहीत आहे. माझ्या आईचंही तसंच झालं,” ते म्हणाले. “पण या कागदावर रीतीला जागा नाही. खोटं सांगितलं एवढं लिहून देतो, मग वरचे काय ते ठरवतील. कदाचित मान्यही करतील.”

कदाचित का होईना, दार किलकिलं झालं होतं. मी ‘लिहा’ म्हणणार, तेवढ्यात माय उठली. नमस्कार केलेले हात तसेच छातीशी धरून म्हणाली, “नही साहेब. त्या खोटं बोलनात आसं नका लिखू. त्यास्नी वर्तणूक उत्तम शे.”

“माय, खाली बस,” मी म्हटलं. मी तिच्यावर ओरडले, खरं म्हणजे. चार माणसांत ओरडले. “तुले समजत नही. लिखू दे त्यासले.”

“माले समजस,” माय म्हणाली. तिनं मामाला हाताला धरून उठवलं आणि बाहेर नेलं. साहेबांनी जबाबाचा कागद माझ्यापुढे सरकवला. त्यावर मामाचं नाव आणि वय एवढंच लिहून झालं होतं. मी तो घडी करून पर्समध्ये टाकला. करण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं.

मामाला पिंपळनेरच्या गाडीत बसवलं आणि आम्ही धुळ्याला येऊन चाळीसगावची पॅसेंजर धरली. गाडीत गर्दी नव्हती. माय खिडकीशी, मांडीवर पुस्तकाची पुरचुंडी. मी रागानं धुमसत समोर बसले होते. तिच्यावर राग, साहेबांवर राग, गेलेल्या आबांवर राग. शिरूड मागे पडलं तेव्हा तिनं विचारलं.

“तू वाचे तव्हय हाई वळ व्हती का त्यामा?”

खरं तिला सांगायचं म्हणजे आबांनी बोट ओठावर ठेवलं ते सांगायचं. तिला घरात आणून, चार लेकरं देऊन, हा माणूस ही ओळ दडवत राहिला आणि लेकीलाही दडवायला लावत राहिला, हे सांगायचं. माय माझ्याकडे बघत होती. तिचं सगळं माझ्या एका शब्दावर होतं आणि ते आम्हा दोघींना माहीत होतं.

“नव्हती,” मी म्हटलं.

तिनं मान हलवली. खांदे सैल पडले. पुरचुंडीची गाठ पुन्हा घट्ट बांधत म्हणाली, “मंग कचेरीवालास्नी मांगून लिखी टाकं व्हई.”

त्यानंतर ती सात-आठ वर्षं जगली. मदत मिळाली नाही ती नाहीच, आणि तिनं पुन्हा अर्जाचं नाव काढलं नाही. पण घरी कुणीही येवो, पाहुणा, शेजारीण, माझ्या वर्गातल्या पोरांचे आईबाप, सरकारनं तिच्या नवऱ्याच्या पुस्तकात मागाहून काय लिहून टाकलं हे ती सांगायचीच. सगळं सांगून झालं की माझ्याकडे बोट करायची.

“इले इचारा. हाई रोज वाचे. इनी सोता दखेल शे, वळ नव्हती.”

आणि मी, दरवेळी, मान हलवायचे.