आधी पंखा बंद करा

कुठल्याही खोलीत शिरल्या की विमलअक्का आधी पंखा बंद करायला लावायच्या. मग रेडिओ, मग माणसं. "जरा गप बसा की रे, पोराचं काळीज बोलायलंय," म्हणायच्या.

अक्का हृदयाच्या डॉक्टर, हैदराबादेतल्या काचीगुड्याच्या. मी त्यांच्या शिबिरांचा कारकून. दर तीन आठवड्यांनी आम्ही जीपने आदिलाबादकडच्या मराठी गावांत जायचो. घसा दुखून ताप येतो, सांधे सुजतात, मग सगळं बरं वाटतं; पण पोराच्या हृदयाची झडप बिघडलेली असते. अक्का ते नुसत्या कानाला लावायच्या नळीने ओळखायच्या. पुढे वर्षानुवर्षं इंजेक्शनं.

त्या दिवसांत हैदराबादेत नवी खाजगी हॉस्पिटलं उघडत होती. कुकटपल्लीच्या एकाने अक्कांना मोठा पगार आणि मोटार देऊ केली. "नक्को बाबा," अक्का म्हणाल्या, "तिथं एसी असतो म्हणे. तो कोण बंद करू देईल?"

मंजुळा त्यांना सापडली तेव्हा अकरा वर्षांची होती. सात वर्षं पोरीने एकही इंजेक्शन चुकवलं नाही. "हिच्या लग्नाला मी येणार हौ," अक्का म्हणायच्या. लग्न झालं ते आम्हाला न कळवता. ती येईना, तेव्हा मी रजिस्टरात 'गाव सोडले' लिहून नावावर रेघ मारली.

पुढच्या वर्षी एका शिबिरात एक गरोदर सून सासूबरोबर आली. पदर तोंडापर्यंत ओढलेला, धाप लागलेली. सासूने नाव सांगितलं, राधा. रजिस्टरात ते नव्हतं. रांग मोठी होती. "नवीन नावं पुढच्या फेरीला," मी म्हणालो. पोरीने पदराआडून माझ्याकडे पाहिलं आणि सासूमागे निघाली. अक्का आतल्याच खोलीत होत्या.

पुढच्या फेरीला मंजुळाचा बाप आला. बाळंतपणात गेली म्हणाला. लग्नात सासरच्यांनी नाव राधा ठेवलं होतं, आणि तिचा आजार बापानेच त्यांच्यापासून लपवला होता.

मी राधाला परत पाठवल्याचं अक्कांना सांगितलं. "कुठं उभी होती ती?" त्यांनी मला विचारलं. मी टेबलासमोरची जागा दाखवली. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पट्टी घेऊन रजिस्टरात एक नवा रकाना आखला, 'माहेरचं नाव'. मग पंखा बंद करायला लावला आणि पुढचं पोर आत बोलावलं.

मला तेव्हा रडू आलं नाही. नंतरही नाही. तो रकाना मात्र मी निवृत्त होईपर्यंत भरत राहिलो.

अक्का गेल्या तेव्हा काचीगुड्याच्या घरी त्यांना बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं. वर पंखा फिरत होता. मी उठून तो बंद केला आणि ऐकत बसलो.