दीपाच्या नावावर

यशपाल रामटेके भंडाऱ्याहून हॅम्बर्गला आले तेव्हा मुलगी धम्मदीपा कडेवर होती. जहाजांचे आराखडे करणाऱ्या कंपनीत त्यांना नोकरी मिळाली होती. दीपाचे पाय कमजोर होते, बोललीही उशिरा, आणि बोलली ती जर्मनमध्येच. हिला आयुष्यभर कुणाचा तरी आधार लागेल, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर यशपालनी तिच्या नावानं बँकेत खातं उघडलं. दर पगारातून त्यात काही ना काही पडत राहिलं.

"आपल्या माघारी तिला कुणापुढे हात पसरायला नको," ते बायकोला, यामिनीला, म्हणायचे.

२०१५ साली ते निवृत्त झाले. दीपा तेव्हा पंचविशीची होती. दिवसा अपंगांच्या वर्कशॉपमध्ये पेन्सिली डब्यांत भरायची. त्याच वर्षी घराजवळच्या वोनहाइममध्ये, म्हणजे अशा मुलांच्या वसतिगृहात, एक खोली रिकामी झाली. यामिनीला हायसं वाटलं. दीपाला आंघोळ घालताना तिची पाठ आताशा धरायची.

सोशल ऑफिसातल्या बाई नम्रपणे म्हणाल्या, "मुलीच्या नावावर सरकारी मदतीच्या मर्यादेपेक्षा जास्त पैसे आहेत. आधी ते वोनहाइमला जातील. संपले की सरकार देईल."

"पण ते तिच्या आयुष्यासाठी ठेवलेत," यशपाल म्हणाले.

"गेनाऊ, अगदी बरोबर. हेही तिचं आयुष्यच आहे."

वकिलानंही तेच सांगितलं. पैसे मुलीच्या नावावर न टाकता मृत्युपत्रात वेगळी सोय करायला हवी होती. आता ते तिचे झाले, परत घेता येणार नाहीत.

अमेरिकेहून यामिनीची बहीण मालिनी फोनवर म्हणाली, "भाऊजी, इथं आता त्यासाठी कायदा झालाय. अपंगांसाठी खास खातं, व्याजावर टॅक्स नाही, आणि सरकारी मदतही तुटत नाही. तुमच्याकडे नाही का तसं?"

"नाही," म्हणून त्यांनी फोन यामिनीकडे दिला.

यशपालनी खोली नाकारली.

"अहो, मला नाही उचलवत तिला आता," यामिनी म्हणाली.

"मी उचलीन."

वर्षभर त्यांनी उचललं. मग एका सकाळी ओल्या फरशीवर दीपासकट घसरले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. दीपाला लागलं नव्हतं. यामिनी बाजारातून येईपर्यंत ती त्यांच्या शेजारी बसून रडत राहिली.

जवळची खोली केव्हाच दुसऱ्या कुणाला गेली होती. दीपाला जागा मिळाली ती पार उत्तरेला, डेन्मार्कच्या सीमेकडे. खात्यातले पैसे तिथे जाऊ लागले. २०१७ मध्ये सरकारनं मर्यादा वाढवली, तोवर खातं जवळपास रिकामं झालं होतं.

"तेव्हाच पाठवली असती तर जवळ तरी राहिली असती," यामिनी एकदाच म्हणाली.

काठी घेऊन चालता येऊ लागल्यावर यशपाल यामिनीबरोबर दर रविवारी ट्रेननं दीपाकडे जायचे. सुरुवातीला निघायची वेळ झाली की दीपा स्वतःचा कोट घेऊन दाराशी यायची, आणि तिथली बाई तिला समजावून आत न्यायची. पुढच्या हिवाळ्यात एका रविवारी ती उठलीच नाही. मैत्रिणीबरोबर चित्र रंगवत होती. मान वर न करताच तिनं निरोप दिला, "त्शुस, पापा."

स्टेशनवर यामिनी म्हणाली, "रुळली हो ती."

"हं," यशपाल म्हणाले, आणि ट्रेन येईपर्यंत तिच्याकडे पाठ करून उभे राहिले.