काही पोचवायचंय का?

“काही पोचवायचंय का?” असं विचारत ते संध्याकाळी दारात उभे राहायचे. पायात मोजे-बूट, हातात रिकामी पिशवी. असा एखादा शेजारी तुम्हीही पाहिला असेल; पण आमचे हे गृहस्थ एका कचेरीत हेडक्लार्क होते, आणि पोचवण्याचं काम त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं.

ऐंशीच्या दशकात बेलापूरची आमची कॉलनी नवी होती. रस्ते रुंद आणि माणसं तुरळक. हेडक्लार्कांच्या रक्तात साखर निघाली तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज न चुकता चालायला सांगितलं. गोळ्या त्यांनी मुकाट्यानं घेतल्या. चालण्याची मात्र पंचाईत झाली. त्यांच्या कोकणातल्या गावी माणूस कुठंतरी जायला निघायचा. नुसताच जाऊन परत येणाऱ्याला घरचे देवऋष्याकडे नेत. म्हणून त्यांनी कामं शोधली.

आम्ही आधी संकोचलो, मग सोकावलो. बायकोनं कॉलनीच्या दुसऱ्या टोकाला मैत्रिणीकडे कोथिंबीर पाठवली, तिनं लिंबू पाठवलं. लिंबू आमच्याकडे होतंच, ते परत गेलं. तिलाही नको होतं, पण त्यांना रिकाम्या हाती कसं पाठवायचं? ते एकच लिंबू वाळून टणक होईपर्यंत ये-जा करत होतं.

एकदा खाडीकाठच्या दिवाळे गावात जाऊन त्यांनी कोळणीला निरोप दिला, उद्या आमच्यासाठी बोंबील ठेव.

ती म्हणाली, “अवं, मी सकाली तिकडंच येनार हाय. तुमी कशाला आलात?”

“सकाळी तू आली असतीस,” ते म्हणाले. “मग मी काय चाललो असतो?”

तिनं विचार केला आणि टोपली उचलायला लावली. त्यानंतर आठवड्यातून एकदा आमचे हेडक्लार्क तिच्यामागून टोपली घेऊन कॉलनीत शिरू लागले. ते स्वतः शाकाहारी होते.

त्यांचे हाल बघून सोसायटीला दया आली. वर्गणी काढून गणपतीच्या मांडवात त्यांना नवी सायकल भेट दिली. भाषणं झाली. श्राद्धाचं ताट पुढ्यात आल्यासारखं तोंड करून त्यांनी ती स्वीकारली. दुसऱ्या दिवसापासून ते हँडल धरून सायकलसोबत चालू लागले. वर कधीच बसले नाहीत. साखर आटोक्यात आली होती. डॉक्टर म्हणाले, गोळ्या सोडू नका आणि चालणंही.

एकदा मीही त्यांच्याबरोबर खाडीपर्यंत गेलो. म्हटलं, आता सगळ्यांना ठाऊक आहे, नुसतं का चालत नाही? त्यांनी थोरल्या भावाचं सांगितलं. त्यालाही साखर होती. तो खुर्चीतून हलला नाही. टाचेची जखम चिघळली, पाय कापावा लागला.

“वहिनीनं चपला मात्र दोन्ही ठेवल्यात,” ते म्हणाले. “नुसता चाललो की तीच जोडी दिसते. हातात कुणाचं काही असलं की पोचायचं असतं.”

निवृत्त झाल्यावर ते गावी निघाले. खालती सामानाचा ट्रक लागला. पत्नी ड्रायव्हरशेजारी बसल्या. ते बसेनात, हमरस्त्यापर्यंत पाय मोकळे करतो म्हणाले. आम्ही गच्चीवरून पाहत होतो. रिकाम्या रस्त्यानं ते रमतगमत पुढं चालले होते आणि कपाटं, गाद्या, तुळशीचं डबडं घेऊन अख्खा ट्रक पहिल्या गिअरमध्ये त्यांच्या मागून चालला होता. ड्रायव्हरनं एकदाही हॉर्न वाजवला नाही.