डावीकडचा खांब

पनवेल तालुक्यात आजवर जेवढा संशय पिकला असेल, त्यातला निम्मा तरी एकट्या माझ्या साडूंनी पिकवलेला आहे, आणि तोही कुठल्याही खतपाण्याशिवाय. माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे ताई म्हणतो, तिचे हे यजमान. चिरनेरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कंटेनरच्या ट्रकांनी उडवलेल्या धुळीच्या जरा आत, त्यांचा घोड्यांचा तबेला आहे. मुंबईच्या हौशी लोकांचे घोडे तिथे मुक्कामाला असतात. मालक रविवारी येतात, घोड्यावर बसतात, फोटो काढतात आणि पुलाव खाऊन जातात. उरलेला आठवडा घोडे साडूंचे. हरभऱ्याची चंदी भिजवणं, लीद उचलणं, गवताच्या पेंढ्या रचणं हे सगळं ते जातीने करतात, कारण दुसऱ्या कुणी केलं तर त्यात काहीतरी काळंबेरं असणारच. त्यांना मी कधी सहज विचारलं, "काय साडूभाऊ, बरं आहे ना?" तर लगेच डोळे बारीक करून ते विचारणार, "का? कुणी काही म्हणालं का तुम्हाला?"

या संशयातून घोडेही सुटत नाहीत. एका शनिवारी पांढरा घोडा लंगडत होता. साडू त्याच्यासमोर उकिडवे बसून बराच वेळ त्याच्या डोळ्यांत बघत राहिले आणि मला म्हणाले, "खरा लंगडतोय, की उद्या मालक येणार हे याला कळलंय?" हल्ली आमच्या डोक्यावरून विमानं उतरायला लागली आहेत. ती नेमकी तबेल्यावर आली की हळू होतात, हे साडूंचं निरीक्षण. मी म्हटलं, "अहो, उतरताना विमान हळू होणारच." ते आभाळाकडे बघत म्हणाले, "मान्य. पण सगळी इथंच का होतात?" याचं उत्तर विमान कंपन्यांकडेही नसावं.

मात्र या साऱ्या अविश्वासू जगात एका गोष्टीवर त्यांचं आंधळं प्रेम होतं, ते म्हणजे त्यांचा निळा ट्रॅक्टर. लिदीची ट्रॉली ओढायला, धूळ बसवायला पाण्याची टाकी फिरवायला, आणि मुख्य म्हणजे घोडे फिरवायच्या रिंगणातली वाळू रोज सकाळी फळी ओढून सारखी करायला. हे काम इतर कोणीही टोपी घालून, विडी ओढत करील. साडू हे काम हेल्मेट आणि हातमोजे घालून करत. कारण त्यांचं दुसरं प्रेम म्हणजे मोटारींची शर्यत. भात कापून झालं की आसपासचे हौशी लोक द्रोणागिरीच्या बाजूला भराव टाकलेल्या मोकळ्या जमिनीवर जमतात, नारिंगी शंकू मांडतात आणि एकेक जण आपली जुनी गाडी त्या शंकूंमधून मातीचे लोट उडवत पळवतो. ज्याला कमी वेळ लागेल तो जिंकला, आणि शंकूला धक्का लागला तर वेळ वाढतो, एवढाच नियम. साडू आपली लाल गाडी घेऊन दरवर्षी जात आणि दरवर्षी शेवटच्या तिघांत येत. वेळ मोजणारा माणूस पहिल्या आलेल्याच्या आतेभावासारखा दिसतो, हे त्यांचं त्यावरचं स्पष्टीकरण.

शर्यतीचा हा नाद ट्रॅक्टरवरही उतरला होता. वळण आलं की बाहेरून आत घुसायचं आणि आतून पुन्हा बाहेर पडायचं, अशा शर्यतीच्या रेषेनेच ते फळी फिरवत. त्यामुळे रिंगणातली वाळू वळणांवर बाहेरच्या अंगाला साचून चांगला उतार तयार झाला आणि सगळे घोडे वळताना एका बाजूला कलायला लागले. घोडेस्वारी शिकवणाऱ्या बाई मुंबईहून येतात, त्या एकदा काकुळतीने म्हणाल्या, "हे घोडे असे मोटरसायकलसारखे का वळतात?" साडूंनी आधी बाईंकडे, मग घोड्यांकडे पाहिलं आणि मला बाजूला घेऊन कुजबुजले, "माझ्यामागे यांना कोणीतरी शिकवतंय."

इथवर सगळं मजेत चाललं होतं. मग गेल्या हिवाळ्यात शर्यतीमध्ये त्यांच्या डावीकडचे शंकू पडायला लागले. उजवीकडचे जागच्या जागी, डावीकडचे भुईसपाट. साडूंनी निष्कर्ष काढला की आपली पाळी आली की शंकू आत सरकवतात. पाठोपाठ तबेल्यातही तेच सुरू झालं. रिंगणाला फेरी घालताना कुंपण त्यांच्या डाव्या हाताला येई, आणि फळीचं टोक कुंपणाच्या खांबांना थडाथड लागू लागलं. एक खांब आडवा झाला, दुसरा वाकला. कुंपणापलीकडे बाळारामचं शेत. बाळाराम आणि साडू शाळेत एका बाकावर बसलेले. पण पनवेलमध्ये जमिनीचं सोनं झाल्यापासून बाकावरची मैत्री बांधावर टिकत नाही. साडू गरजले, "बाळाराम, तू खांब सरकवतोस!"

"आमी कशाला सरकवू, शेट?" बाळाराम बांधावरून म्हणाला. "खांब तुमचे, शिमिट तुमचं. सरकवायला माजी कंबर हाय का?"

"मग माझी फळी रोज लागते कशी?"

"ते तुमच्या फळीला इचारा."

साडूंनी जमिनीची मोजणी करवून घेतली. तिपाईवर यंत्र लागलं, माणसं उन्हात हात हलवत इकडून तिकडे पळाली, आणि शेवटी निकाल लागला की खांब सरकलेले नाहीत, उलट साडूंचंच कुंपण पहिल्यापासून बाळारामच्या शेतात वीतभर घुसलेलं आहे. बाळाराम एवढा हसला की त्याला खाली बसावं लागलं. "र्‍हाऊं द्या, शेट," तो म्हणाला, "घोड्याला लागंल जागा." त्या औदार्याने साडू पार हादरले. वीतभर जमीन हसत सोडणारा माणूस, म्हणजे याच्या मनात किती मोठं काहीतरी असणार! त्या दिवसापासून ते बाळारामशी एक शब्द बोलेनात.

पुढचं मी स्वतः पाहिलं. सकाळची वेळ, मी कुंपणाला टेकून चहाची वाट बघत होतो. साडू हेल्मेट चढवून फळी फिरवत होते. ताई किटली घेऊन फाटकातून आत आली आणि रिंगण ओलांडून माझ्याकडे यायला निघाली. ट्रॅक्टर तिच्या दिशेने येत होता. ती साडूंच्या डावीकडे होती, लख्ख उन्हात, पिवळ्या साडीत. ट्रॅक्टर हळू होईना. तिला वाटलं, हे थांबतील. मलाही तसंच वाटलं. आणि बांधावरून बाळाराम जीव तोडून ओरडला, "शेट! ओ शेट! थांबवाऽऽ!"

बाळाराम ओरडतोय म्हणजे यात नक्की काहीतरी डाव आहे, या शुद्ध संशयापोटी साडूंनी ब्रेक दाबला. पुढचं चाक ताईच्या पदराला लागून थांबलं. किटली वाळूत पडली.

मग ताई म्हणाली, "मी दिसले नाही तुम्हाला?"

"तू तिकडून आलीसच कशी?"

"फाटकातून. फाटक पहिल्यापासून तिथंच आहे."

साडूंनी हेल्मेट काढलं. मान सावकाश डावीकडे वळवली, आणखी वळवली, आणि ताई दिसली तिथे ती थांबवली. मग मान पुन्हा सरळ केली. पुन्हा वळवली. ते काय मोजून बघत होते ते आम्हा तिघांनाही कळलं.

पनवेलच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी त्यांना घेऊन गेलो. तिथे अंधाऱ्या खोलीत एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालून बसवतात, एक डोळा झाकतात, आणि आत कुठेही दिव्याचा ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं असतं. तपासणी झाल्यावर डॉक्टरीण बाईंनी समजावलं की हा काचबिंदू. डाव्या डोळ्याची कडेची नजर हळूहळू, काही न कळवता गेलेली आहे, आणि तिकडच्या टोकाचं उजव्या डोळ्याला नाकाआडून दिसत नाही. गेली ती परत येत नाही, पण थेंब घातले तर उरलेली राखता येईल. गाडी, ट्रॅक्टर मात्र बंद. तबेल्यात हे इतके दिवस का कळलं नाही, तेही मग माझ्या ध्यानात आलं: घोड्याला त्याच्या डाव्या अंगाने धरायचं, त्याच अंगाने चढायचं, ही जुनी रीत. म्हणजे घोडा कायम माणसाच्या उजव्या हाताला. म्हणून दिवसभर घोड्यांत वावरूनही त्यांना कधी काही जाणवलं नव्हतं.

साडूंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही डावीकडचे दिवे लावलेच नव्हते."

बाई म्हणाल्या, "लावले होते, काका."

"दुसऱ्या कुणाला बसवून दाखवा."

मी पुढे सरसावलो. त्यांनी मला हाताने मागे सारलं. "तुम्ही नको. तुम्ही माझ्या बायकोच्या माहेरचे जावई, म्हणजे तिच्या पार्टीचे." तेही त्याच माहेरचे जावई आहेत, हे मी त्या घडीला काढलं नाही. त्यांनी खिशातून फोन काढला आणि इतक्या दिवसांनी बाळारामला लावला. मला म्हणाले, "तो माझ्या सोयीचं बोलणार नाही. त्याला काय गरज?"

बाळाराम चिखलाच्या चपला दाराशी काढून आला. बाई हसून म्हणाल्या, "बसा, तुमचीही नजर तपासून टाकू." त्याला बटणाचं काम समजावलं, पण तो बटण दाबता दाबता ओरडायलाही लागला, "हाय! हाय! ह्यो पन हाय!" साडू दारात उभे होते.

"डावीकडे?" त्यांनी विचारलं.

"हाय, शेट."

"अगदी कडेला?"

"हाय ना. लय हायत. हाय... हाय..."

हळूहळू त्याचा आवाज बारीक होत गेला. आपण काय सांगतोय हे त्याच्या ध्यानात आलं असावं. यंत्रातून तोंड न काढता तो म्हणाला, "शेट, नाय म्हनू का?"

साडूंनी दाराशी पडलेल्या त्याच्या चपला पायाने सरळ केल्या. मग म्हणाले, "नको. जे आहे ते सांग."

ट्रॅक्टरची किल्ली आता बाळारामकडे असते. तो आपल्या शेताचं उरकून येतो आणि रिंगणात फळी फिरवतो, हेल्मेटशिवाय, अगदी गोल. साडू कुंपणाशी उभे राहून ओरडतात, "इतका सरळ कसा चालवतोस रे? कुणी शिकवलं तुला?" बाळाराम म्हणतो, "तुमी गप र्‍हावा, शेट. घोडं हसतंय तुमाला." घोडे सरळ वळायला लागले आहेत, याबद्दल मात्र साडूंना अजून खात्री नाही.

यंदाच्या शर्यतीला आम्ही दोघंच बघायला गेलो होतो. लाल गाडी घरी ताडपत्रीखाली होती. साडू दोरीपाशी उभे राहिले, एकेका गाडीचा आवाज कान देऊन ऐकत. कुणी वळण चुकलं की त्यांचा उजवा पाय नकळत खाली दाबला जाई. वेळ मोजणाऱ्या माणसाबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत, तेव्हा मला फार वाईट वाटलं. संध्याकाळी मैदान मोडलं, गाड्या आणि माणसं चहूबाजूंनी एकदम बाहेर पडू लागली, हॉर्न, धूळ, पोरांची पळापळ. साडूंनी माझा दंड धरला आणि मला आपल्या उजवीकडून ओढून डावीकडे आणून उभं केलं.

"तिकडून कोणी येतंय का बघा," ते म्हणाले.

मी पाहिलं. म्हटलं, "कोणी नाही."

त्यांनी मान वळवली नाही. 'नक्की ना?' असंही विचारलं नाही. समोर बघत पाऊल उचललं आणि चालायला लागले.