टेलरबाईंची मोटारसायकल

वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी टेलरबाईंनी मोटारसायकल घ्यायचं मनावर घेतलं. शिवलेले कोट आणि पडदे गिऱ्हाइकांकडे पोचवताना बसच्या गर्दीत चुरगळायचे आणि घातलेली इस्त्री पाण्यात जायची. यजमान स्वभावाने गरीब; त्यांनी आधी विमा काढू या, एवढंच सुचवलं. दीर मात्र हुरळून गेले. वहिनी घेणार तर दणकट गाडीच, असं म्हणत त्यांनी बाईंना शोरूममध्ये नेलं.

बाईंची उंची बेताची. दिरांनी पसंत केलेल्या गाडीवर त्या बसल्या, तर पाय अधांतरी. खाली उतरून त्यांनी गळ्यातली टेप काढली, आधी सीटची उंची मोजली, मग स्वतःचा पाय. चार इंचांचा फरक निघाला. होईल सवय, असं विक्रेता म्हणाला.

"असं सांगून मी कोट गळ्यात मारला, तर गिऱ्हाईक पुन्हा माझं तोंड बघेल का?" बाईंनी विचारलं.

तोल कसा सांभाळायचा ते दाखवायला मग दीर स्वतःच चढले. स्टँड काढला, हसून वहिनींकडे पाहिलं आणि गाडीसकट अगदी सावकाश कुंडीवर आडवे झाले. गाडी उचलायला तिघे लागले, दिरांना उचलायला दोघे.

त्यानंतर बाईंची एकच अट होती: पडली तर आपल्याला एकटीला उचलता आली पाहिजे. जुन्या गाड्यांच्या दुकानात तशी एक हलकी, गरीब तब्येतीची गाडी सापडली. तिचीही सीट इंचभर उंच निघाली. बाईंनी ती घरी उसवली, आतला फोम तासला आणि पुन्हा बेमालूम शिवून टाकली.

मग महिनाभर मैदानात क्लचशी झटापट. गाडी किती वेळा बंद पडली ते यजमान मनातल्या मनात मोजायचे. पहिल्या दिवशी आकडा मोठ्याने सांगितला, तो त्यांना महागात पडला होता.

शेवटी बाई एकट्या रस्त्यावर उतरल्या, डॉक्टरीणबाईंचे पडदे द्यायला. तीन चौक, एक चढ, आणि गाडी एकदाही बंद पडली नाही. डॉक्टरीणबाईंच्या दारात त्यांनी पाय न टेकता झोकात वळण घेतलं आणि थेट घर गाठलं. यजमानांना सगळी हकीकत रंगवून सांगितली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली आणि हळूच विचारलं, "पडदे नको म्हणाल्या का त्या?"

बाईंनी वळून पाहिलं. गठ्ठा मागे बांधलेलाच होता.

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि हेल्मेट पुन्हा डोक्यावर चढवलं.