तुरटीचं शेवटचं पाणी

सासूला मी आत्याबाई म्हणते. आमच्या जवळा बाजार गावात सगळ्याच सुना म्हणतात, त्यात मायेचा भाग असतोच असं नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत घरातलं एकेक काम माझ्याकडं येत गेलं. भाजी माझी, भाकरी माझी, शाळेत शिकवून आल्यावर संध्याकाळचा स्वयंपाकही माझाच. पाकाची कढई मात्र आत्याबाईंनी सोडली नाही. कोहळा, कच्ची पपई, आवळे, गाजर, संत्र्याची साल, असलं काहीही त्या पाकात मुरवायच्या, निथळायच्या आणि वरून साखरेचा असा पातळ थर चढवायच्या की फोड उजेडात धरली तर चकाकायची. गल्लीत कुणाचं डोहाळजेवण असो की लग्नाचं रुखवत, पाकवलेल्या फळांचं ताट आमच्या घरून जायचं. त्या ताटाच्या जोरावर आत्याबाई गल्लीत ताठ मानेनं चालायच्या. 'आमच्या सुनंला समदं येतं, पाक येत न्हाई,' हे त्यांनी माझ्या माहेरच्या माणसांसमोरही ऐकवलेलं आहे.

येत नाही हे खरंच आहे. एकदा त्या लेकीकडं गेल्या असताना मी हौसेनं गाजराच्या फोडी पाकवल्या होत्या. नवऱ्यानं एक तोंडात घातली आणि गालाला हात लावून बसला. आत्याबाई परत आल्यावर त्यांनी डबा उघडला, एक फोड ताटावर आपटून बघितली आणि म्हणाल्या, "ही सडकंवर टाकायला बरी हाय." तेव्हापासून मी त्या कढईच्या वाट्याला गेले नाही. गेली उडत, म्हटलं.

त्यांची पद्धत मला पाठ आहे, कारण बावीस वर्षं मी बाजूला उभं राहून पातेली उचलली आहेत. फोडी आधी तुरटीच्या पाण्यात ठेवायच्या, म्हणजे पाकात विरघळत नाहीत, अंग धरून राहतात. तुरटीचा खडा पाण्यात चार वेळा फिरवायचा आणि बाहेर काढायचा. दुसऱ्या दिवशी फोडी धुवायच्या. एक पाणी, दोन पाणी, पाच पाणी. मग उकडून एकतारी पाकात सोडायच्या आणि रोज पाक थोडाथोडा आटवत न्यायचा. पाक बोटांनी तपासायचा. जिभेनं नाही. देवाला दाखवल्याशिवाय गोडाचा कण तोंडात घालायचा नाही, हा त्यांचा कडक नियम. लेकरांनीसुद्धा त्यापायी मार खाल्लेला आहे. सूट फक्त एका गोष्टीला होती. फोडी धुतल्यावर शेवटच्या पाण्यात बोट बुडवून त्या जिभेला लावायच्या आणि तुरटपणा गेला की नाही ते बघायच्या. "पाणी काय निवद हाय व्हय? पाणी चाखलेलं चालतं." बोट लावलं की म्हणायच्या, "बराबर झालं." आणि ते बराबर झालेलंच असायचं.

मागच्या मार्गशीर्षात, पहिल्या गुरुवारी, त्यांनी कोहळा पाकवला. पूजा झाली, नैवेद्य झाला, मी प्रसादाची फोड तोंडात टाकली आणि माझं तोंड असं आवळलं की डोळ्यांत पाणी आलं. वरचा थर गोड, आत नुसती तुरटी. मी भोवती बघितलं. नवरा खाली मान घालून चावत होता. शेजारच्या दोघी सवाष्णी आलेल्या, त्या एकमेकींकडं न बघता गिळत होत्या. कुणी चकार शब्द काढला नाही. प्रसादाला नाव ठेवू नये, हे आमच्याकडं लहानपणापासून कानात भरलेलं असतं. करणारी चाखत नाही आणि खाणारा बोलत नाही. अशानं एखादी चूक वर्षभर ताटातून फिरली तरी सापडायची नाही.

आत्याबाईंनी स्वतः दोन फोडी खाल्ल्या. "यंदा कोहळा चांगला निघाला," म्हणाल्या.

फोडी भिजवलेलं पातेलं आठवडाभर मोरीत तसंच पडलं होतं, ते घासताना तळाशी मला तुरटीचा मोठा खडा सापडला. फिरवून काढायचा तो पाण्यातच राहून गेला होता.

खोटं कशाला बोलू, मला आधी आनंद झाला. चांगला आनंद झाला. म्हटलं, बघा, देवानंच दाखवलं. दोन दिवस मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या मुसलमान घरातल्या खाला, म्हणजे गल्लीच्या मावशी, प्रसादाचं ताट परत द्यायला आल्या. त्या ब्लाउज शिवतात, आमचं तीस वर्षांचं शेजार आहे, आणि त्यांच्याकडून ताट कधी रिकामं येत नाही. ताटात शेवया होत्या. त्या दारातच थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "बुरा मत मानो, बाई. देवाचं असतं म्हून बोलले न्हाई. पण दिवाळीच्या आवळ्यापासून असंच लागून राहिलं. तुमच्या सासूला काही तकलीफ हाय का?"

दिवाळीपासून! आवळा मुळातच तुरट, म्हणून आम्हाला कळलं नव्हतं. खाला गेल्या आणि माझी जुळवलेली वाक्यं तिथंच राहिली. मला साथीचं वर्ष आठवलं. घरातले सगळे तापानं पडले होते, सगळ्यांचीच चव गेली होती. पंधरा दिवसांनी मी म्हटलं, मला कांद्याचा वास आला. नवरा म्हणाला, मलाही. आत्याबाई म्हणाल्या, "मला तर कवाच आला." त्यावर कुणी विचारलं नाही. कशाला विचारणार?

खात्री करून घ्यायची म्हणून मी दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं. चमचाभर. आणि समोर बसले. त्यांनी बशीत ओतला, फुंकर घातली, शेवटच्या घोटापर्यंत प्यायल्या. बशी खाली ठेवून म्हणाल्या, "आज चहा बरा झाला."

त्या दिवशी शाळेत मी एका पोरीला विनाकारण रागावले. स्वतःची लाज वाटत होती. म्हातारीला मीठ पाजून परीक्षा घेणारी मी शिक्षिका.

आता पुढचा प्रश्न उभा होता. पौष लागायच्या आत माझ्या लेकीचा साखरपुडा करायचा ठरला होता. मुलाकडचे आखाडा बाळापूरचे, पन्नास माणसं येणार. आत्याबाईंनी आधीच जाहीर करून टाकलं होतं की नातीच्या साखरपुड्याला पाच फळांचं ताट त्या करणार. नवऱ्याला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग बाजारातून मिठाई आणू, आईला सांगू डॉक्टरनं उभं राहू नको म्हणलंय." पुरुषांना सगळं सोपं दिसतं. म्हटलं, कढई काढून घेतली तर त्या घरात बसून करतील काय? माझ्या हातची भाकरी खायची आणि टीव्ही बघायचा, एवढंच उरेल. आणि नाही काढून घेतली तर व्याह्यांच्या पन्नास माणसांसमोर तुरटी वाढायची. लेकीची सासू पहिल्याच दिवशी तोंड वाकडं करणार, आणि ते आत्याबाईंना सगळ्यांदेखत दिसणार.  

आठ दिवस आधी कोहळा आला. आमच्याकडं कोहळ्याला पहिली सुरी बाईनं लावायची नसते, म्हणून नवऱ्यानं चिरून दोन फाकी करून दिल्या आणि तो सटकला. पुढचं आम्ही दोघींनी केलं. पपई सोलली, गाजरं कापली, आवळे टोचले, संत्र्याच्या साली सोडवल्या. तुरटीचा खडा त्यांनी फिरवला आणि मी तो आठवणीनं बाहेर काढला. त्यांनी ते बघितलं.

दुसऱ्या दिवशी फोडी धुतल्या. पाच पाणी झाली. आत्याबाईंनी पाचव्या पाण्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "बराबर झालं."

त्यांची पाठ वळल्यावर मीही बोट बुडवलं. जीभ आवळली.

 बावीस वर्षांत पाकाच्या बाबतीत मी त्यांचा शब्द मोडला नव्हता. मी पातेलं उचललं आणि म्हटलं, "आत्याबाई, अजून एक पाणी बदलू का?"

त्या वळल्या. "काहून?"

"उगंच. पाहुणे नवे हायेत."

त्या चुलीपाशी पाटावर बसल्या.  मी पाणी ओतलं, नवं घातलं, हात घालून फोडी चोळत राहिले, कारण मान वर करायची हिंमत नव्हती. मग त्या म्हणाल्या, "त्या दिवशी चहात काय घातलं व्हतंस?"

मी म्हटलं, "मीठ."

"मला वाटलंच कायतरी हाय."

"तुमाला कळलं?"

"चव न्हाई कळली. तू समोर बसून माझ्या तोंडाकडं बगून राहिली व्हतीस. बावीस वर्षांत मी चहा पेताना तू कवा माझ्याकडं बगितलं व्हतंस?"

  मी पदरानं डोळे पुसले आणि हात ओला असल्यामुळं तुरटीचं पाणी डोळ्यांत गेलं. त्या म्हणाल्या, "रडू नको, फोडी मोडतील." मग आपणहून सांगितलं. तापात गेलेली चव परत आलीच नव्हती. कधीमधी थोडं तिखट कळतं, बाकी सगळं नुसतं गरम नाहीतर गार. पाणी त्या मोजून बदलत होत्या, पाक बोटांवर चालत होता, म्हणून निभावलं; दिवाळीपासून मात्र खडा किती वेळा फिरवला याचं ध्यान राहत नव्हतं. "सांगितलं असतं तर तुमी कढई घेतली असती. मग मी काय करू, माय? हेच तर राहिलं व्हतं माझं."

सातव्या पाण्याला मी बोट जिभेला लावलं आणि म्हटलं, "बराबर."

पुढचे सहा दिवस पाक त्यांनीच केला. तार त्यांनी बघितली, आच त्यांनी सांभाळली, निथळून वरचा थर त्यांनीच चढवला. मी पातेली उचलली.

साखरपुड्याच्या दिवशी देवापुढं दाखवून ताट बैठकीत गेलं. लेकीच्या होणाऱ्या सासूनं कोहळ्याची एक फोड खाल्ली, मग पपईची, मग परत कोहळ्याची. "आगं बाई! हे घरी केलं? कुणाच्या हातचं?"

आत्याबाई खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी सरळ माझ्याकडं बोट केलं. "आमच्या सुनंच्या हातचं. माझा हात आता चालत न्हाई. पाक हीच करती."

हे वाक्य त्यांच्या तोंडून यावं म्हणून मी काय नव्हतं केलं! नवी नवरी असल्यापासून मी एका चांगल्या शब्दासाठी तोंडाकडं बघत होते, मग बघणं सोडून दिलं होतं. आणि आला तो शब्द असा आला की मला तो नको होता. ताट हातात होतं, बायका माझ्याकडं कौतुकानं बघत होत्या, आणि मला तिथंच रडू फुटेल असं वाटलं.

"खोटं बोलून राहिल्या त्या," मी मोठ्यानं म्हणाले.  "समदं त्यांनीच केलं. मी नुसतं पाणी बदललं. मला पाक येत न्हाई, गल्लीत कुणालाही इचारा."

खाला मागून हसल्या. लेकीच्या सासूनं आवळा उचलला. आत्याबाईंनी मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं. डोळे लाल झाले होते त्यांचे, रागानं की कशानं ते मी विचारलं नाही.

"चार माणसांत सासूला खोटं पाडतीस व्हय?" त्या म्हणाल्या. "सोमवारी कढई घेऊन बस माझ्यासमोर. शिकल्याबिगर उठू देणार न्हाई."